सत्तर सेकंद आधी कळलं तर?

प्रवासी विमानाच्या नाकात एक रडार बसवलेलं असतं. समोर पाऊस किती, गारा आहेत का, ढगात पाणी किती भरलंय हे ते पायलटला हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत दाखवतं. लाल ठिपका दिसला की पायलट वळसा घालतो. पण या रडारला एक गोष्ट दिसत नाही, आणि ती म्हणजे खुद्द हवा. त्याच्या लहरींची लांबी साधारण ३ सेंटिमीटर. त्या पाण्याच्या थेंबावर आपटून परत येतात. थेंबच नसतील तर परत यायला काही उरत नाही, आणि पडदा काळाच राहतो. काळा म्हणजे 'सगळं ठीक'.

आणि नेमकं अशाच स्वच्छ, निळ्या, सुंदर आकाशात कधीकधी विमान असं काही आदळतं की चहाचे कप छताला जाऊन चिकटतात. याला वैमानिकांच्या भाषेत क्लिअर एअर टर्ब्युलन्स म्हणतात, लाडाने 'कॅट'. नाव शोभतं. मांजरासारखाच पाय न वाजवता येतो.

आता गंमत अशी की हे मांजर पाहू शकणारं यंत्र माणसाने बनवलेलं आहे. लेझरचं आहे. विमानात बसवून, उडवून, चाचण्या करून झालेलं आहे. तरी नियमित प्रवासी सेवेतल्या विमानांवर ते अजून सरसकट बसलेलं नाही. 'का नाही?' याचं नेहमीचं उत्तर असं मिळतं की त्याला फार लांबचं दिसत नाही, त्यामुळे विमानाला वळसा घालायला वेळ मिळत नाही. उत्तर खरं आहे. माझं म्हणणं इतकंच की इथे प्रश्नच चुकीचा विचारला जातोय. पण त्याआधी थोडं विज्ञान. (कंटाळू नका, गणित जवळजवळ नाही.)

तळ्यावरून वारा वाहिला की पाण्यावर लाटा उठतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. खाली संथ पाणी, वर पळणारी हवा, आणि दोघांच्या सीमेवर लाटा. असंच हवेवरून हवा वाहिली तरी होतं. १० ते १२ किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचे वेगवान वाऱ्याचे पट्टे असतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरूनही असा एक पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. या पट्ट्याच्या कडेला थोड्याशा उंचीच्या फरकात वाऱ्याचा वेग झपाट्याने बदलतो. म्हणजे एक थर दुसऱ्यावरून घसरत असतो. खालची हवा जड आणि वरची हलकी असली की थर जागेवर राहू पाहतात. वेगातला फरक त्यांना ढवळू पाहतो. या दोघांच्या रस्सीखेचीला रिचर्डसन नंबर नावाचा आकडा आहे. तो पाव, म्हणजे ०.२५ च्या खाली गेला की ढवळणारा जिंकू शकतो. मग सीमेवर लाटा उठतात, समुद्राच्या लाटांसारख्याच गुंडाळतात, फुटतात, आणि त्या फुटण्यात जे विमान सापडतं ते हेलकावे खातं. डोंगरावरून जोराचा वारा गेला तरी मागे अशा लाटा उठतात. ढग नाही, वीज नाही, काही नाही. फुटणारा थर कधीकधी फक्त काहीशे मीटर जाड असतो.

जपानला या विषयात इतका रस का, याचं कारणही इथेच आहे. हिवाळ्यात जपानवरचा जेट स्ट्रीम जगातल्या सगळ्यात जोरदार पट्ट्यांपैकी एक असतो. ५ मार्च १९६६ ला टोकियोहून हाँगकाँगला निघालेलं बीओएसी कंपनीचं बोइंग ७०७ फुजी पर्वताजवळ भर स्वच्छ हवेत तुटलं, १२४ माणसं गेली. पर्वतामागच्या खवळलेल्या हवेने ते विमान अक्षरशः मोडलं. २८ डिसेंबर १९९७ ला टोकियोहून होनोलुलूला निघालेलं युनायटेडचं ७४७ पॅसिफिकवर असंच अचानक हादरलं. विमान सुखरूप परत उतरलं, पण एक प्रवासी मरण पावली. या दोन घटनांमधला फरक लक्षात ठेवा. १९६६ मध्ये विमान तुटलं. १९९७ मध्ये विमान टिकलं, माणूस गेलं. त्यावर पुढे येतोच.

तर लेझर. जुन्या कौलारू घरात दुपारी एखाद्या फटीतून कवडसा येतो, आणि एरवी न दिसणारे धुळीचे कण त्यात नाचताना दिसतात. कण हलतायत म्हणजे हवा हलतेय. लेझरने वारा मोजण्याची युक्ती मुळात हीच. यंत्राला लायडार म्हणतात. विमानातून समोर लेझरचा एक छोटा ठोका सोडायचा. वाटेतल्या सूक्ष्म धुळीवरून त्याचा अगदी किंचित भाग परत येतो. १७-१८ किलोमीटरवरून परत यायला त्याला जेमतेम १२० मायक्रोसेकंद लागतात. किती वेळाने आला यावरून कण किती लांब ते कळतं. आणि स्टेशनात न थांबता जाणाऱ्या फास्ट लोकलचा भोंगा पुढे गेल्यावर जसा खाली उतरतो, तशीच परत आलेल्या प्रकाशाची फ्रीक्वेन्सी कणाच्या वेगाप्रमाणे बदललेली असते. डॉप्लर, अकरावी-बारावीचा.

फक्त हा बदल किती बारीक, ते बघा. १.५५ मायक्रॉनच्या लेझरची फ्रीक्वेन्सी असते साधारण १९ कोटी ३० लाख मेगाहर्ट्झ. वाऱ्याचा वेग सेकंदाला १ मीटरने बदलला तर फरक पडतो १.३ मेगाहर्ट्झचा. म्हणजे पंधरा कोटींत एक! हे थेट मोजता येत नाही. म्हणून परत आलेला प्रकाश मूळ लेझरच्याच प्रकाशात मिसळतात आणि दोघांमधला फरक तेवढा पकडतात. एफएम रेडिओत जे होतं तेच, फक्त प्रकाशाच्या बाबतीत. माझ्यासारख्या माणसाला या वाक्याशीच टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

ही कल्पना नवीन नाही. १९७० च्या दशकातच नासाने कॉन्व्हेअर ९९० विमानात कार्बन डायऑक्साइड लेझर घालून स्वच्छ हवेतला टर्ब्युलन्स शोधायचे प्रयत्न केले होते. ते यंत्र अवजड होतं. १९९८ मध्ये नासाने 'अक्लेम' नावाच्या प्रकल्पात २ मायक्रॉनचा लेझर इलेक्ट्रा विमानावरून उडवला. मग टेलिकॉमवाल्यांची कृपा झाली. समुद्राखालून इंटरनेट नेणाऱ्या फायबरसाठी १.५ मायक्रॉनच्या आसपासचे लेझर, अ‍ॅम्प्लिफायर, डिटेक्टर हे सगळं जगाने घाऊक प्रमाणात बनवलं, आणि लायडारवाल्यांना ते आयतं मिळालं. शिवाय ही लहर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तुलनेने सुरक्षित.

जपानच्या अंतराळ संस्थेने, म्हणजे जाक्साने, याच लहरीवर लायडार बनवला. वजन साधारण ८४ किलो, एका प्रवाशाएवढं म्हणा. २०१६-१७ च्या हिवाळ्यात एका छोट्या जेटमध्ये बसवून चाचण्या झाल्या, आणि सरासरी १७.५ किलोमीटर पुढचा वारा त्याला मोजता आला. २०१८ मध्ये बोइंगने हेच यंत्र फेडेक्सच्या ७७७ मालवाहू विमानावर चढवून उडवून पाहिलं.

१७.५ किलोमीटर म्हणजे किती? विमान सेकंदाला साधारण २५० मीटर जातं. भागाकार करा. सत्तर सेकंद.

या सत्तर सेकंदांपुढे दोन अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. पहिली, वर धूळच नाही. मुंबईच्या हवेत लायडारला मेजवानी मिळेल, पण ११ किलोमीटरवर हवा इतकी स्वच्छ असते की परत येणारा प्रकाश अगदी मोजका. म्हणून पल्ला वाढत नाही. दुसरी अडचण जास्त चिवट आहे. लेझर जातो नाकासमोर, त्यामुळे तो मोजतो समोरून येणारा किंवा समोर जाणारा वारा. माणसाला छतावर फेकतो तो वर-खाली जाणारा वारा. म्हणजे आपल्याला हवी ती गोष्ट थेट दिसतच नाही. समोरचा वारा किती दचकतोय त्यावरून वर-खाली काय चाललं असेल याचा अंदाज बांधायचा.

युरोपातल्या लोकांनी वेगळी वाट धरली. 'डेलिकॅट' नावाच्या प्रकल्पात जर्मनीच्या डीएलआरने बनवलेला अतिनील लेझर नेदरलँड्सच्या एनएलआर संस्थेच्या सेसना सायटेशन विमानावर बसवून २०१३ च्या उन्हाळ्यात उडवला. धूळ नसेना का, हवेचे रेणू तर आहेत! लहर आखूड केली की रेणू प्रकाश जास्त विखुरतात (आकाश निळं दिसतं ते याचमुळे). १.५५ मायक्रॉनवरून ०.३५५ वर आलं की हे विखुरणं साडेतीनशे पटींहून जास्त वाढतं. आणि ते वेग मोजतच नाहीत, घनता मोजतात. हवा वर ढकलली गेली की तिची घनता आजूबाजूच्या हवेपेक्षा थोडी वेगळी पडते, म्हणजे वर-खालच्या हालचालीचा थेट माग लागतो. कल्पना सुंदर. पण सेकंदाला ५ मीटरच्या उभ्या झोतासाठी हा फरक निघतो अर्धा ते एक टक्का. तोही १० ते ३० किलोमीटरवरून, २५० मीटर वेगाने पळणाऱ्या, थरथरणाऱ्या विमानातून मोजायचा. करा विचार.

तर दोन्ही वाटा खऱ्या आहेत आणि दोन्ही अर्ध्या आहेत. इथे बहुतेक चर्चा थांबते: 'मिनिटभरात काय डोंबल होणार?'

वळसा घालायचा म्हटलं तर खरंच काही होत नाही. वर-खाली जायचं तर एटीसीला विचारायला हवं, वरच्या-खालच्या विमानांत हजार फुटांचंच अंतर असतं, आणि तीनशे टनांचं धूड सत्तर सेकंदांत दुसऱ्या थरात जाऊन बसत नाही. पण वळसा घालणं हेच ध्येय कोणी ठरवलं? ध्येय माणसं न जखमी होणं हे आहे. आणि त्यासाठी विमानाला कुठे जायची गरज नाही. माणसांनी बसायची गरज आहे.

२१ मे २०२४ ची लंडन-सिंगापूर फ्लाइट आठवत असेल. सिंगापूर एअरलाइन्सचं ७७७, म्यानमारवर ३७ हजार फुटांवर. प्राथमिक तपास अहवालातला क्रम असा: आधी थरथर सुरू झाली. ११ सेकंदांनी पायलटने सीटबेल्टची खूण लागल्याचं म्हटलं. त्यानंतर ८ सेकंदांनी मुख्य धक्का. ०.६ सेकंदात +१.३५ जी वरून -१.५ जी. उणे दीड म्हणजे काय? क्षणभर छत हीच जमीन, आणि तुमचं वजन दीडपट. ज्यांनी पट्टा बांधला नव्हता ते वर गेले. पुढच्या ४ सेकंदांत परत +१.५, म्हणजे वर गेलेले खाली आपटले. सगळा खेळ ४.६ सेकंदांचा, आणि विमान उतरलं किती? १७८ फूट. बातम्यांत त्याचे हजारो फूट झाले होते. एक प्रवासी मरण पावला, कित्येक जखमी झाले.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की त्या अहवालानुसार विमान बहुधा वाढत्या ढगांच्या प्रदेशावरून जात होतं, म्हणजे हा शुद्ध 'कॅट' नव्हे. लायडार असता तर त्याला हे दिसलं असतं, असा दावा मी करणार नाही. तसंच १ मे २०२२ ला मुंबईहून दुर्गापूरला जाणारं विमान उतरताना वादळी हवेत सापडलं आणि लोक जखमी झाले, तोही वेगळा प्रकार. दाट ढगात लेझर फार आत शिरत नाही, तिथे रडारच हवं. ही दोन यंत्रं एकमेकांची सवत नाहीत, जोडीदार आहेत.

मी ते उदाहरण दिलं ते आठ सेकंदांसाठी. आठ सेकंदांत काय होतं? दिवा पेटल्याचा 'टिंग' आवाज ऐकून मान वर करेपर्यंत आठ सेकंद जातात. सत्तर सेकंदांत काय होतं? संडासात नसलेला जवळजवळ प्रत्येक प्रवासी पट्टा लावू शकतो. क्रूमधली मुलगी ट्रॉलीचा ब्रेक दाबून, चहाची किटली आत टाकून, जवळच्या रिकाम्या सीटवर बसू शकते. पायलट वेग थोडा कमी करू शकतो, त्याने धक्काही सौम्य होतो. आठ आणि सत्तर यांच्यात मला तरी 'थोडं जास्त' एवढाच फरक दिसत नाही.

आता यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप: 'मग पट्टा कायम बांधून ठेवा की! फुकटात काम.' अगदी बरोबर. मी बांधतो, तुम्हीही बांधा. पण हा सल्ला ज्यांना पाळता येत नाही ते कोण, हे बघा. अमेरिकेच्या एफएएचा आकडा आहे: २००९ ते २०२२ या काळात टर्ब्युलन्समुळे १६३ जण गंभीर जखमी झाले. त्यातले प्रवासी ३४. उरलेले १२९ क्रूचे. एका विमानात शेकडो प्रवासी आणि दहा-पंधरा क्रू, हे प्रमाण डोक्यात ठेवून हा आकडा परत वाचा. ज्यांचं कामच उभं राहून करायचं आहे, त्यांना 'बसून राहा' सांगणं हा उपाय नाही, थट्टा आहे. मोडतो त्यांचा घोटा, त्यांचा मणका. 'फुकटातलं काम' आपल्यासाठी फुकट आहे.

दुसरा आक्षेप माझ्याच धंद्यातला आहे, म्हणून जरा जवळचा. 'लेझर कशाला, डेटा आहे ना!' प्रत्येक विमान स्वतःला बसलेले धक्के मोजतं, ते आकडे पाठवायचे, मागून येणाऱ्याने वाचायचे. आयाटाची 'टर्ब्युलन्स अवेअर' नावाची व्यवस्था हेच करते, आणि ते उत्तम काम आहे. स्वस्त, नवीन यंत्र नको, नुसतं सॉफ्टवेअर. पण त्यात एक गोम आहे. कोणीतरी आधी तो धक्का खायलाच हवा. समुद्रावर, रात्री, तुरळक वाहतुकीच्या वाटेवर पुढे कोणी नसेल तर पहिला मान तुमचाच. शिवाय फुटणारी लाट काही मिनिटांत फुटून संपते आणि दुसरीकडे उठते. अर्ध्या तासापूर्वीचा निरोप हा प्रदेशाचा अंदाज देतो. पुढच्या मिनिटात काय, हे तो सांगू शकत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला खरंच गंभीर वाटतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. खोटे अलार्म.

समजण्यासाठी काही आकडे घेऊ (माझे काल्पनिक, मोजलेले नव्हेत). समजा यंत्र दर मिनिटाला एकदा निकाल देतं: 'धोका' किंवा 'ठीक'. दहा तासांच्या प्रवासात ६०० निकाल. समजा शांत हवेत ते ९९ टक्के वेळा बरोबर असतं. ९९ टक्के म्हणजे परीक्षेत पहिला नंबर! पण ६०० चा एक टक्का म्हणजे ६. दर प्रवासात सहा वेळा 'क्रूने ताबडतोब बसा', आणि सहाही वेळा काहीच नाही. खरा मोठा धक्का शेकडो प्रवासांत एखादा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्या विमानातला एकही माणूस बसणार नाही. लांडगा आला रे आला.

आमच्याकडे रात्रपाळीत सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे पाठ आहे. ज्या अलर्टमुळे दर रात्री तीनदा उठावं लागतं आणि दरवेळी 'काही नाही, झोपा' असं निघतं, तो अलर्ट नसल्यापेक्षा वाईट. कारण खरी आग लागते तेव्हा माणूस हात लांब करून फोन गप्प करतो. यात माणसाचा दोष नाही, अलर्ट लिहिणाऱ्याचा आहे.

म्हणून माझ्या मते या यंत्राचा खरा आकडा १७.५ किलोमीटर नाहीच. खरे आकडे दोन: शंभर इशाऱ्यांतले किती खरे निघाले, आणि शंभर मोठ्या धक्क्यांपैकी किती इशाऱ्याशिवाय आले. पल्ला वाढवायला लेझरची ताकद वाढवावी लागते, वजन वाढतं, वीज जास्त लागते. हे दोन आकडे सुधारायला लागतो डेटा. खूप डेटा. आणि चाचणीच्या थोड्याशा उड्डाणांत मोठे धक्के किती भेटणार? चाचणीचं विमान मुद्दाम टर्ब्युलन्स शोधत फिरतं आणि तो नेमका त्या दिवशी सुट्टीवर असतो.

इथे या यंत्राचा एक गुण मला सगळ्यात जास्त आवडतो. त्याचं प्रत्येक भाकीत सत्तर सेकंदांत आपोआप तपासलं जातं! लायडार म्हणाला 'पुढे धक्का आहे', आणि सत्तर सेकंदांनी तेच विमान त्याच जागेतून जातं. विमानात धक्के मोजणारे सेन्सर आधीपासून आहेतच. म्हणजे भाकीत आणि उत्तर दोन्ही एकाच विमानात, एकाच घड्याळावर. मशीन लर्निंग करणाऱ्या कोणालाही विचारा, बरोबर उत्तराची चिठ्ठी लावलेला डेटा मिळवायला लोक किती पैसे मोजतात. इथे तो आकाशात फुकट पडलाय.

मग करायचं काय? आमच्याकडे नवीन सिस्टिम थेट लोकांपुढे आणत नाहीत. जुनीच्या शेजारी गुपचूप चालवतात. ती निकाल देते, पण त्यावर कोणी काही करत नाही, नुसती नोंद होते. याला शॅडो मोड म्हणतात. तसंच लायडार वीस-पंचवीस लांब पल्ल्याच्या विमानांवर बसवा, मालवाहू असली तरी चालतील. पायलटला काही दाखवू नका, कोणाला उठवू-बसवू नका. वर्ष-दोन वर्षं नुसतं भाकीत आणि उत्तर लिहून ठेवा. हे गुपचूप करण्यात आणखी एक फायदा आहे: पायलटने इशारा ऐकून वेग कमी केला तर उत्तरच बदलतं, आणि यंत्र बरोबर होतं का चूक ते कळत नाही. शॅडो मोडमध्ये ती भानगड नाही. वर्षाच्या शेवटी ते दोन आकडे जाहीर करा. वाईट निघाले तर यंत्र परत प्रयोगशाळेत. चांगले निघाले तर 'वळसा घालता येत नाही' हे कारण पुढे करायचं बंद करा.

हे आपोआप होईल का? मला शंका आहे, आणि तिचं कारण इतिहासात आहे. २ ऑगस्ट १९८५ ला डेल्टाची फ्लाइट १९१ डॅलसला उतरताना वादळाखालच्या विंडशिअरमध्ये सापडून कोसळली, १३७ जण गेले. १९८८ मध्ये अमेरिकेने प्रवासी विमानांना विंडशिअरचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची केली. नासाने समोरचं बघण्यासाठी रडार, लेझर, इन्फ्रारेड असे तिन्ही मार्ग तपासले, रडार पुढे आलं, आणि आज ते विमानांच्या नाकात आहे. सक्ती झाली, संशोधनाला पैसे मिळाले, प्रश्न बराचसा सुटला. का? कारण विमान पडत होतं.

टर्ब्युलन्सने आजचं विमान पडत नाही. १९६६ नंतर विमानं मजबूत झाली, पायलट शहाणे झाले. ही चांगलीच गोष्ट आहे, पण तिचा एक विचित्र परिणाम असा की जे उरलं ते फक्त माणसांचं नुकसान. अमेरिकेच्या एनटीएसबीने २०२१ च्या अहवालात म्हटलंय की २००९ ते २०१८ मधल्या तिथल्या मोठ्या विमान कंपन्यांच्या अपघातांपैकी एक तृतीयांशाहून जास्त टर्ब्युलन्सचे होते. बहुतेकांत विमानाला ओरखडाही नाही, आत कोणाचं तरी हाड मोडलेलं. विमान दुसऱ्या दिवशी परत उडतं. हाड मोडलेली बाई सहा महिने घरी. याची बातमी होत नाही, म्हणून सक्ती होत नाही, म्हणून ८४ किलोचं वजन कोणी उचलत नाही.

आणि प्रश्न कमी होत नाहीये. ब्रिटनच्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की उत्तर अटलांटिकवरच्या एका ठरावीक जागी वर्षातून तीव्र 'कॅट'चे तास १९७९ मध्ये १७.७ होते, ते २०२० मध्ये २७.४ झाले. ५५ टक्के वाढ. हवा तापतेय, जेट स्ट्रीममधला वेगाचा फरक वाढतोय, थर जास्त वेळा फुटतायत. रिचर्डसनसाहेबांचा पाव तोच आहे, त्याच्याखाली जाणं सोपं झालंय.

असो. एखाद्या विमान कंपनीच्या हिशेबनिसाला हे सगळं पटेल असा भ्रम मला नाही. पण पुढच्या वेळी कोणी तुम्हाला सांगितलं की लेझरने टर्ब्युलन्स दिसतो खरा, पण फक्त मिनिटभर आधी, म्हणून उपयोग नाही, तर त्यांना एकच विचारा: मिनिटभरात तुम्ही उभे असलात तर बसू शकता का? बहुतेक जण हो म्हणतील.

तोपर्यंत पट्टा सैलसर का होईना, बांधूनच ठेवा. आणि क्रूमधल्या कोणी 'आत्ता चहा देता येणार नाही, आम्हाला बसायला सांगितलंय' म्हटलं, तर तोंड वाकडं करू नका. चहा काय, नंतरही मिळतो.